ताराकाकू गेली त्या मंगळवारी

एका मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास, माझी आई रेडिओवर मरण पावली. त्या वेळी ती मालाड पूर्वेच्या आमच्या बैठ्या चाळीत, उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी नुकतीच शाळेतून आले होते. बाबा रेडिओच्या फळीखाली उभे होते. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि तिघांनीही ते ऐकलं.

आई त्या काळी रेडिओवर काम करत असे. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा 'सामाईक ओटा' नावाची श्रुतिका लागायची. एक चाळ, तिचा एक नळ, नळाभोवतीचा ओटा आणि त्यावर जमणाऱ्या बायका, एवढंच तिचं जग. त्यातली ताराकाकू म्हणजे माझी आई. ताराकाकू एकटी राहणारी, मालवणी बोलणारी, नळावरची भांडणं सोडवणारी आणि सोडवता सोडवता स्वतः दोन नवीन लावून देणारी बाई होती. आई रेडिओवर कशी गेली, याच्या दोन हकिगती मला सांगितल्या गेल्या आहेत. शेजारच्या पेडणेकरमामींच्या मते गणपतीत झालेलं महिला मंडळाचं नाटक बघून रेडिओवाले स्वतः आले. आईच्या मते कोणी आलं नाही. मागच्या चाळीत रेडिओ केंद्रातले एक कारकून राहत, त्यांनी आवाजाच्या चाचणीची तारीख सांगितली, म्हणून ती गेली. मी आईची हकिगत धरून चालते, कारण तीत आईचा अपमानही आहे. चाचणीत तिला शुद्ध मराठीतलं छापील पान वाचायला दिलं आणि ती तिसऱ्या ओळीत अडखळली. काचेपलीकडे बसलेले दळवीसाहेब, म्हणजे श्रुतिकेचे निर्माते, म्हणाले, "बाई, ते ठेवा. घरी नळावर भांडता तसं बोला." आईने विचारलं, "कोणाशी?" साहेब म्हणाले, "माझ्याशी." तिथून पुढे ती काय बोलली हे तिने कधी सांगितलं नाही. मात्र तिला घेतलं.

श्रुतिकेची सुरुवात पाण्याच्या आवाजाने होई. नळाखाली भांडं भरत जातं, आवाज खोल असतो तो हळूहळू चढत जातो आणि भांडं भरून वाहू लागलं की ताराकाकूची हाक येते. हा आवाज काढायला केंद्रात आधी पत्र्याची बादली वापरत. आईने दोन वेळा ऐकून घेतलं आणि तिसऱ्या वेळी घरची तांब्याची कळशी पिशवीत घालून नेली. "बालदेक गळो नसता," असं तिचं म्हणणं. बादलीला गळा नाही, म्हणून तिचा आवाज चढत नाही. दळवीसाहेबांनी कळशी ठेवून घेतली. ती तिकडेच राहिली, आणि आम्ही पिण्याचं पाणी स्टीलच्या हंड्यात भरू लागलो.

कळशीचा परिणाम आमच्या चाळीत वेगळाच झाला. आमच्याकडे नळाला दुपारी पाणी येई, पण कधी येईल ते नक्की नसे. घराघरांतून रेडिओ लागलेले असायचे. कळशी भरल्याचा आवाज आला की पलीकडच्या रांगेतल्या बायका "पाणी आलं गं!" म्हणत हंडे घेऊन धावायच्या. नळ कोरडा. मग ताराकाकूची हाक ऐकू यायची आणि बायका आमच्या दाराकडे बघून शिव्या घालायच्या. महिन्याभरात त्या शहाण्या झाल्या. मग एका मंगळवारी खरोखरचं पाणी आलं, ते वाहून गेलं तरी कोणी उठलं नाही. त्या दिवशी पेडणेकरमामी आईला म्हणाल्या, "परबवहिनी, तुमच्या त्या काकूने वाट लावली आमची. आज आंघोळ तिच्याकडेच करायची का?"

बाबा गिरणीत विणाईत होते. तिथे मागाला साचा म्हणत. त्या साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेल्यात जमा होते. विणाईतल्या पुष्कळ माणसांचं तसं होई आणि कोणी त्याला आजार म्हणत नसे. आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. पाहुण्यांना आम्ही भांडतोय असं वाटायचं. सकाळी सहाच्या आधी भक्तिगीतं लागत, आई तव्यावर घावणे घालत असायची आणि "चाय देऊ?" हे ती एवढ्या जोरात विचारायची की पलीकडून पेडणेकरमामा उत्तर देत, "अर्धा कप!" बाबांची पाळी पहिली असली तरी ते दुपारी चारच्या आत घरी पोचत नसत. त्यामुळे बायको रेडिओवर बोलते हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी तिला रेडिओवर कधी ऐकलं नव्हतं. आई विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत.

मग गिरण्या बंद पडल्या आणि बाबा घरी बसले. पहिल्या मंगळवारी ते काय करतात हे मी जेवता जेवता बघत होते, म्हणून मला नीट आठवतं. आमचा रेडिओ जुना होता. लाकडी खोका, समोर बारीक विणीचं कापड, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. कळशी भरू लागली तसे बाबा उठले आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा खोक्याच्या बाजूला टेकवला. कान लावला नाही, तळवा लावला. श्रुतिका संपेपर्यंत ते तसेच उभे होते. ताराकाकू कोणाला तरी म्हणाली, "तुझ्या घरात दोन बादल्ये नि माझ्या घरात एक मी, तर आधी कोण भरतला?" त्यावर बाबा हसले. आई चुलीपाशी पाठमोरी होती. तिने वळून बघितलं नाही, पण तिने सोलकढीत मीठ दुसऱ्यांदा घातलं. ती सोलकढी आम्ही मुकाट्याने प्यालो. पुढचा प्रत्येक मंगळवार तसाच गेला. बाबा साडेबारापासून रेडिओखाली उभे राहत. बाकी दिवस ते नाक्यावर इतर गिरणीवाल्यांबरोबर काढत, मंगळवारी मात्र जात नसत.

तो शेवटचा मंगळवार. त्या दिवशी कळशी भरली, वाहू लागली आणि हाक आली नाही. पाणी वाहतच राहिलं. मग श्रुतिकेतल्या एका बाईने नळ बंद केला आणि ती ताराकाकूचं दार वाजवू लागली. "काकू, ओ काकू, झोपलात काय?" दार उघडल्याचा आवाज. पावलं. त्यानंतर ताराकाकूचा आवाज आला, अगदी बारीक. तिने एवढंच विचारलं, "माझी कळशी भरली?" बाई म्हणाली, "भरली, काकू." आणि मग काही नाही. रेडिओवर शांतता क्वचितच ऐकू येते. तेव्हा ती बरीच लांबली असं मला वाटलं. पुढे निवेदिका आली, तिने कलाकारांची नावं वाचली, त्यात आईचं नाव पहिलं होतं, आणि सुगम संगीत सुरू झालं.

बाबांचा तळवा खोक्यावर तसाच होता. आई सुपातले खडे वेचत होती.

"हात काढा आता," ती म्हणाली. "तापलो आसतलो रेडिओ."

बाबांनी हात काढला. ते काही बोलायच्या आत पेडणेकरमामी आल्या. त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं आणि डोळे लाल होते. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आईला बघून त्या जरा गोंधळल्या असाव्यात, पण मागे हटल्या नाहीत.

"आज तुमच्याकडे चूल पेटवची नाय," त्या म्हणाल्या. "पिठलं-भात आणलाय."

"मामी, अहो मी जिती आसंय!"

"तुम्ही आसात ओ. ती गेली ना?" मामींनी पातेलं आईच्या पुढ्यात ठेवलं. "तिचा दुसरा घर खंय हा? हयच आणूचा लागला."

आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही; शेजारी पिठलं-भात आणून देतात. मामींनी ताराकाकूसाठी तो आमच्याकडे आणला, कारण ताराकाकूचं दुसरं घर त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात लोणचं, एकीच्या हातात ताक. एक जण दारातच आईला म्हणाली, "काय गं, मरताना पण पाण्याचंच विचारलंस? तुझी काकू अगदी आमच्या सासूवर गेली होती." सगळ्या हसल्या. आईही हसली. मग मामींनी जबरदस्तीने ताट वाढलं आणि पहिला घास तोंडात गेल्यावर आई रडू लागली. ती बराच वेळ रडली. बायकांनी तिला समजावलं नाही. मयताच्या घरी बसतात तशा त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. पिठल्यात लसूण जास्त होता आणि ते चांगलं झालं होतं.

त्या वयात मला वाटलं की बायका नाटक करतायत. पुढे आयुष्यभर मी वर्तमानपत्राच्या वृत्त विभागात काम केलं. तिथे मृत्यूची बातमी दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय छापत नसत. आता बोरिवलीच्या घरात हे लिहिताना त्या दुपारची खात्री करायला माझ्याकडे दोनच साक्षी आहेत, आई आणि पेडणेकरमामी, आणि दोघींचंही म्हणणं एकच आहे की त्या दिवशी घरात कोणीतरी गेलं होतं. फक्त पातेल्यावरून त्यांचं एकमत नाही. अशा घरी आलेलं भांडं नुसतं घासून, रिकामं परत द्यायचं असतं. आईने ते दुसऱ्या दिवशी साखर घालून परत दिलं. मामी म्हणतात ती चुकली. आई म्हणते, साखर तिने मुद्दाम घातली.

संध्याकाळी दिवे लागल्यावर बाबांनी विषय काढला. तेव्हा चाळीत कोणाचं बोलणं कोणापासून लपत नसे, आमचं तर मुळीच नाही.

"तुका कधी कळला?" बाबांनी विचारलं.

"रेकॉर्डिंग झाला तेव्हा."

"माका सांगलंस नाय."

"सांगून ऐकाक येता खंय तुमका?"

हे ती रागाने बोलली नव्हती, पण मोठ्याने बोलली होती, कारण आमच्याकडे सगळंच मोठ्याने बोलावं लागे. पलीकडच्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बाबा खाली बघत होते.

"तुझो तेवढो येता," ते म्हणाले.

तुझा तेवढा येतो. आई उठून मोरीत गेली आणि तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. पुढच्या सोमवारपासून ती औषधाच्या एका कंपनीत, बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात, कामाला लागणार होती. ते ठरलं होतं आणि बाबांना माहीत होतं. श्रुतिकेचं रेकॉर्डिंग गुरुवारी असे आणि कंपनीत गुरुवारची सुट्टी मिळणार नव्हती, हे मात्र त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं. रेडिओवाल्यांनीच तिला काढलं, असा त्यांचा समज झाला.

सकाळी मढहून मासे घेऊन येणारी मंजुळा आली. ती नेहमी पहिली पाटी आमच्या दारात उतरवायची. त्या दिवशी न थांबता पुढे निघाली. आईने हाक मारली, "गो मंजुळा, आज काय रुसलीस?" मंजुळा वळली आणि आईला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "अगो बाय, सुतकान म्हावरा खातान का?" तिच्या घरीही रेडिओ होता. आईने तिला हाताला धरून बसवलं, चहा दिला. तिने शेवटी मांदेली दिली, पण पैसे घेताना म्हणाली, "तू जिती हाय तं काकूला कशाला गो मारलास?" बाबा दारात दाढी करत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

दोन दिवसांनी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "कळशी आणूक जातंय," असं ते म्हणाले आणि मला शाळा बुडवून बरोबर घेतलं. मी त्यांचे कान म्हणून जात होते, हे कोणी बोललं नाही. रेडिओ केंद्रात लांब बोळ होता, जमिनीवर जाड जाजम, दारांवर लाल दिवे. आपल्याच पावलांचा आवाज येत नव्हता. हळू आवाजात बोलण्याची इतकी सक्ती असलेली जागा मी त्याआधी पाहिली नव्हती. दळवीसाहेब किडकिडीत, चष्मेवाले, हातात सुपारीचा डबा असलेले गृहस्थ होते. त्यांनी कळशी आधीच काढून ठेवली होती. ती नारळाच्या करवंट्या, पत्र्याचे तुकडे आणि एका सुट्या दाराशेजारी होती. ते दार फक्त उघडबंद करण्यासाठी होतं, त्याच्यामागे खोली नव्हती.

"हिच्या आयेक परत घेवा," बाबा म्हणाले. बोळातली दोन माणसं वळून बघू लागली.

दळवीसाहेब हळू आवाजात बरंच काही बोलले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बाबा, ते म्हणतायत त्यांनी काढलं नाही."

"मग?"

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला. "मी तुझ्या आईला सांगितलं होतं," ते मला म्हणाले, "की अडचण असेल तर दुसरी बाई घेऊ. आवाज जुळवून घेता येतो, लोक विसरतात. तर त्या म्हणाल्या, माझी काकू दुसऱ्याच्या तोंडात देऊ नका. त्यापेक्षा मारा तिला, मीच मरते. शेवटचा संवाद पण त्यांचाच आहे, माझ्या लेखकाचा नाही."

हे मला बाबांना सांगायचं होतं आणि ते हळू सांगता येण्यासारखं नव्हतं. मी सगळं बोलले, त्या बोळात, आमच्या घरच्या आवाजात. एक दार उघडलं आणि कोणीतरी "शूऽऽ! चालू आहे!" असं दटावलं. बाबांनी कळशी दोन्ही हातांत धरली होती.

"रविवारी काय असता हय?" त्यांनी विचारलं.

"रविवारी नाटकांची रेकॉर्डिंग असतात," साहेब माझ्याकडे वळले. "पण त्यात नावाचं काम मिळणार नाही, सांग त्यांना. गर्दीतलं. बाजार, लग्न, मोर्चा, असं."

मी सांगितलं.

"आवाज तिचोच ना?" बाबा म्हणाले.

साहेब हसले. "हो. तो कोणाचा असणार?"

बाबांनी कळशी परत त्या बिनखोलीच्या दाराशी नेऊन ठेवली. आम्ही घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. तिने आमच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"कळशी खंय?"

"कामाक," बाबा म्हणाले.

आई सोमवारी कंपनीत गेली आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, रेडिओवर जाऊ लागली. सुरुवातीला दळवीसाहेबांनी शब्दाबाहेर जाऊन तिला दुसऱ्या एका श्रुतिकेत भाजीवालीची चार वाक्यं दिली. ती चूक ठरली. श्रोत्यांची पत्रं आली. ताराकाकू मेली असताना भाजी कशी विकते, असं त्यांनी विचारलं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, तिला आधी रीतसर जिवंत करा आणि मग विका भाजी. साहेबांनी ते पत्र आईला वाचून दाखवलं आणि आई ते घरी येऊन आम्हाला म्हणून दाखवायची, हातवाऱ्यांसकट. त्यानंतर तिला एकटीचं वाक्य मिळालं नाही. ती गर्दीत राहिली. ती लग्नात "मुलगी काळी आहे हो" म्हणणाऱ्यांत होती, पुरात "पोरांना वर घ्या" म्हणणाऱ्यांत होती. कलाकारांच्या नावांत तिचं नाव पुन्हा आलं नाही.

पुढे नोकरीत असताना मी त्या टेपांची चौकशी केली. 'सामाईक ओटा'ची एकही टेप उरलेली नाही. टेप महाग असत, एकीवरचं पुसून दुसरं भरत. तिथल्या बाईंनी मला कपाटं उघडून दाखवली. मी बघून घेतली.

आई गर्दीत काम करायची त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी एक नाटक लागलं होतं. गावाचं नाव आठवत नाही, समुद्रकाठचं होतं. त्यात मच्छीबाजाराचा प्रसंग आला. पन्नासेक माणसं एकदम ओरडत असावीत असा तो कल्ला होता. बायकांच्या हाका, भाव, शिव्या, टोपल्या आपटण्याचे आवाज. आई विळीवर बोंबील साफ करत होती. पेडणेकरमामी आमच्या उंबऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांनी विचारलं, "ह्यात कोण तुम्ही?" आई म्हणाली, "ओळखा." मामींनी दोनदा चुकीचं ओळखलं. मी कान देऊन ऐकत होते आणि मला त्यातला एकही आवाज वेगळा काढता येत नव्हता. बाबा फळीखाली उभे होते, तळवा खोक्यावर, डोळे मिटलेले. कल्ला वाढत गेला. मग त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

आईने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते बघितलं आणि विळीवरून मान वर न करता होकार दिला.